बॉक्सिंग रेफरीचे मानधन: किती, कशाचे आणि कोणाच्या हातून

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सोलापूरच्या एका विनाअनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. विद्यापीठाच्या संघातून बॉक्सिंग खेळले आहेत, वय तिशीच्या आत. मेवेदर-पॅकियाओ या गाजलेल्या व्यावसायिक बॉक्सिंग लढतीच्या रेफरीला २५ हजार डॉलर मिळाले, असे त्यांच्या वाचनात आले. आपणही रेफरीची परीक्षा दिली तर महिन्याकाठी किती सुटतील आणि त्या जोरावर शाळा सोडता येईल का, हे त्यांना हवे आहे.

सर, रेफरी जरूर व्हा. शाळा मात्र सोडू नका.

मुळात ‘महिन्याकाठी’ हा हिशेबच इथे लागू होत नाही. बॉक्सिंगच्या रेफरीला पगार नसतो, नियुक्ती असते. नियुक्ती आली की तेवढ्या दिवसांचे पैसे. नाही आली तर घरी. हे आपल्याकडेही असेच आणि अमेरिकेतही असेच.

तुम्ही वाचलेला आकडा खरा आहे. २ मे २०१५ रोजी लास वेगासला झालेल्या त्या लढतीचे रेफरी केनी बेलेस होते. त्यांना २५ हजार डॉलर आणि रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्या तिन्ही जजना प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले. तेव्हाच्या दराने रेफरीचे जवळजवळ सोळा लाख रुपये झाले. पण त्या रात्री नुसत्या तिकीटविक्रीचे सुमारे ७ कोटी २० लाख डॉलर जमले होते. म्हणजे तिकिटाच्या दर दहा हजार डॉलरमागे रेफरीच्या वाट्याला पुरते साडेतीन डॉलरही आले नाहीत. टीव्हीचे पैसे यात धरलेलेच नाहीत. शिवाय अशी लढत दहा वर्षांत एखादी होते आणि तिच्यासाठी अख्ख्या जगातून एकच रेफरी निवडला जातो. छोट्या सभागृहात चार-सहा फेऱ्यांच्या लढती असतात, त्या रात्रीचे अमेरिकेतही काहीशे डॉलरच मिळतात आणि तेवढ्यात दोन-तीन लढती घ्याव्या लागतात. त्यामुळे तिथलेही बहुतेक रेफरी पोटासाठी दुसरे काम करतात. १९९७ साली होलीफिल्डचा कान चावल्याबद्दल टायसनला बाद करणारे मिल्स लेन नेवाडा राज्यात न्यायाधीश होते.

त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. नेवाडात, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे, रेफरी कोण हे राज्याचे ॲथलेटिक कमिशन ठरवते आणि मानधनही तेच ठरवते. पैसे प्रमोटरच्या, म्हणजे लढत भरवणाऱ्याच्या, खिशातून जातात, पण रक्कम त्याच्या मर्जीवर नसते. जागतिक पट्ट्याची, म्हणजे विजेतेपदाची, लढत असेल तर पट्टा देणाऱ्या संघटनेच्या दरांचाही विचार होतो आणि ते दर बॉक्सरना मिळणाऱ्या रकमेबरोबर चढतात. ज्याचा बॉक्सर रिंगमध्ये उतरणार, त्याने रेफरीशी पैशांची बोलणी करायची नाहीत, हे यातले तत्त्व. किती मिळतात याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कोणाच्या हातून मिळतात हे महत्त्वाचे. जिल्हा पातळीवर काम करतानाही ही कसोटी लावायची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवले.

आता आपल्याकडचे. तुम्ही याल ते हौशी बॉक्सिंगमध्ये, म्हणजे शालेय, विद्यापीठ, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत. इथे लढतीमागे दर नसतो. दिवसाचे मानधन, प्रवासखर्च आणि राहणे-जेवण, एवढे तीन भाग असतात. ऑलिंपिकलाही रेफरी आणि जज यांना लढतीचे पैसे नसतात. प्रवास, निवास आणि रोजचा भत्ता असतो. आपल्या जिल्ह्यात दिवसाचे मानधन शेकड्यांत मोजायचे, राष्ट्रीय स्पर्धेत ते चार आकड्यांवर जाते. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, तिथे शासनाने ठरवलेला दर असतो. संघटनेच्या स्पर्धेत आयोजकाच्या ऐपतीप्रमाणे फरक पडतो. म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका, नियुक्तीपत्रात काय लिहिले आहे ते पाहा.

आकडे मांडून बघू. खालचे दर मी फक्त हिशेबासाठी धरले आहेत. समजा उत्तरेत कुठेतरी राष्ट्रीय स्पर्धा आहे आणि दिवसाला १,५०० रुपये मानधन आहे. लढती सहा दिवस चालतात. त्याआधी एक दिवस वजन, वैद्यकीय तपासणी आणि रेफरी-जजची बैठक यांत जातो. मानधनाचे दिवस सात, रक्कम १०,५०० रुपये. पण सोलापूरहून जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस धरले की तुम्ही अकरा दिवस घराबाहेर राहता. दिवसाला साडेनऊशे पडले. शाळा १८ हजार पगार देत असेल आणि रजा बिनपगारी धरत असेल तर अकरा दिवसांचे ६,६०० कापले जातील. हातात उरले ३,९००. त्यातूनच वाटेतला चहा-नाश्ता, शर्टांची धुलाई आणि घरच्यांसाठी काही घ्यायचे ते.

पूर्ण वर्ष धरा. दोन राष्ट्रीय स्पर्धांचे २१ हजार. चार-चार दिवसांच्या तीन राज्य स्पर्धा, दिवसाला ८०० प्रमाणे ९,६००. जिल्ह्यातले सहा दिवस, ४०० प्रमाणे २,४००. एकूण ३३ हजार, म्हणजे महिन्याला २,७५०. आणि हे सुद्धा सगळ्या नियुक्त्या वेळेवर आल्या तर. पहिल्या दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय स्पर्धा मिळतच नाही, तेव्हा त्या वर्षांचा आकडा १२ हजारांच्या आसपास ठेवा.

इतके कमी का, याचे कारण आयोजकाच्या बाजूने पाहिले की कळते. एका लढतीला रिंगमध्ये एक रेफरी आणि बाहेर पाच जज लागतात, म्हणजे सहा माणसे. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मधली एक-एक मिनिटाची विश्रांती मिळून ११ मिनिटे होतात. बॉक्सरना आणणे, निकाल जाहीर करणे धरून पाऊण तासात तीन लढती. सोळा लढतींचे सत्र चार तास चालते. तेच सहाजण चार तास बसले तर शेवटच्या लढतींत त्यांच्या डोळ्यांना ठोसे दिसेनासे होतात, आणि ज्या जिल्ह्याचा बॉक्सर आहे त्या जिल्ह्याचा जज त्या लढतीला बसवायचा नसतो. त्यामुळे एका रिंगसाठी किमान बारा माणसे हवीत. बारा माणसे, चार दिवस, ८०० रुपये. नुसते मानधन ३८,४०० होते. प्रवास आणि निवासाचे जवळपास तेवढेच. टाइमकीपर, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि रिंगचे भाडे वेगळे. प्रेक्षकांना तिकीट नाही. सोलापूर जिल्ह्यात जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला गावकरी इनामे लावतात, वर्गणी गोळा करतात. बॉक्सिंगला तसा लोकाश्रय अजून मिळालेला नाही. हा खर्च बहुतेक वेळा एखादा कारखानदार, एखादा माजी खेळाडू आणि संघटनेचे चार लोक मिळून उचलतात. रेफरीचे मानधन त्यातून उरलेल्या पैशांतून ठरते. हे मला मनापासून चुकीचे वाटते, कारण रिंगमधल्या मुलाचा जीव ज्याच्या हातात आहे त्याची रक्कम अंदाजपत्रकात शेवटी लिहिली जाते.

हा जबाबदारीचा मुद्दा एकदा नीट पाहून घ्या. बॉक्सर पडला की रेफरी ‘स्टॉप’ म्हणतो आणि दुसऱ्याला न्यूट्रल, म्हणजे दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या, कोपऱ्यात पाठवतो. तो कोपऱ्यात पोहोचेपर्यंत मोजणी पुढे न्यायची नाही. मोजताना बोटे पडलेल्या बॉक्सरच्या डोळ्यांसमोर हवीत, कारण गोंगाटात आवाज ऐकू येत नाही. मुलगा तीनवर उठला तरी आठपर्यंत मोजायचेच. हे पाच सेकंद त्याच्याकडे पाहण्यासाठी आहेत: नजर तुमच्या बोटावर ठरते का, गुडघे सरळ आहेत का, हात आपणहून वर येतात का. एक पाऊल पुढे यायला सांगा. पाऊल तिरके पडले तर लढत थांबवा, त्याचे वडील रिंगजवळ ओरडत असले तरी. थांबवायची नसेल तर त्याचे ग्लोव्ह आपल्या शर्टाला पुसून घ्या, कारण कॅनव्हासवरची धूळ समोरच्याच्या डोळ्यांत जाते, आणि मगच ‘बॉक्स’ म्हणा.

नवे रेफरी इथे तीन ठिकाणी चुकतात. दुसऱ्याला कोपऱ्यात पोहोचवताना पडलेल्याकडे पाठ करतात. मोजताना टाइमकीपरकडे बघत राहतात. आणि मुलाच्या इतके जवळ उभे राहतात की डॉक्टरला त्याचा चेहराच दिसत नाही. तिसरी चूक सगळ्यांत जास्त वेळा होते.

लढत थांबवायला उशीर झाला तर काय होते ते बॉक्सिंगच्या इतिहासात नोंदलेले आहे. २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथने बेनी पारेतला दोरांत अडकलेल्या अवस्थेत ठोसे मारले. पारेत शुद्धीवर आला नाही आणि ३ एप्रिलला वारला. रेफरी रूबी गोल्डस्टीन त्या काळातले अत्यंत नावाजलेले रेफरी होते; त्यानंतर ते रिंगमध्ये जवळजवळ उतरलेच नाहीत. दिवसाला ४०० रुपये मिळोत की २५ हजार डॉलर, त्या दोन सेकंदांतला निर्णय तोच असतो.

लढतीपूर्वीची तपासणीही कमी महत्त्वाची नाही. हेडगार्डचा पट्टा, ग्लोव्हचे औंसांतले वजन, पोटाखालचे गार्ड आणि गमशील्ड (दातांवर बसवायचे संरक्षक कवच), सगळे हाताने तपासा. गमशील्ड लाल रंगाचे चालत नाही, कारण तोंडातून रक्त आले तर कळत नाही. जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालच्या गटातली मुले एकमेकांचे गमशील्ड धुऊन वापरताना सापडतात. गमशील्ड दाताच्या मापाने बसवलेले असते, दुसऱ्याच्या तोंडात ते सैल राहते आणि ठोशाबरोबर घशाकडे सरकते. अशा मुलाला परत पाठवा. ओरडा होईल, होऊ द्या.

तुमचा स्वतःचा खर्च फार नाही, पण आहे. पांढरे शर्ट किमान चार लागतात, कारण सत्रागणिक एक भिजतो आणि रक्ताचे डाग निघतीलच असे नाही. काळ्या पँट दोन आणि काळा बो टाय. सोलापूर गणवेश शिवण्यासाठी देशभर ओळखले जाते, त्यामुळे मापाने शिवून घेतलेत तरी इथे परवडेल; खांद्याला अर्धा इंच सैल ठेवा, दोन बॉक्सरना सोडवताना हात पूर्ण पसरावे लागतात. बूट बिनटाचेचे, रबरी तळाचे. चामडी तळ ओल्या कॅनव्हासवर घसरतो. हातात घालायचे पातळ वैद्यकीय मोजे आयोजकाने द्यायचे असतात, तरी एक डबी बॅगेत असू द्या. चष्मा लावून रिंगमध्ये उतरता येत नाही, तेव्हा नंबर असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सचा खर्च धरा आणि परीक्षेच्या दोन महिने आधीच त्यांची सवय करून घ्या.

परीक्षेची वाट जिल्हा संघटनेतून राज्य संघटनेकडे, तिथून बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय परीक्षेकडे आणि पुढे रेफरींच्या आंतरराष्ट्रीय ‘स्टार’ श्रेणीकडे जाते. लेखी, प्रात्यक्षिक आणि वैद्यकीय असे तिचे भाग. चांगला खेळलेला माणूस बहुधा गुण देण्यात अडखळतो. विजेत्या बॉक्सरला १०, दुसऱ्याला ९, ८ किंवा ७. फेरी बरोबरीत सोडता येत नाही. कसोट्या तीन: लक्ष्यभागावर, म्हणजे जिथला ठोसा मोजला जातो तिथे, स्वच्छ बसलेले दर्जेदार ठोसे, तंत्र आणि डावपेचांतले वर्चस्व, आणि लढाऊपणा. खेळलेल्या माणसाच्या मनात तिसरी कसोटी नकळत पहिली होते, पुढे पुढे येणारा बॉक्सर त्याला आवडतो. पुढे येऊन ग्लोव्हवर मारलेल्या दहा ठोशांपेक्षा मागे सरकत गालावर बसवलेले दोन मोलाचे. ताकीद आणि वॉर्निंग यांतला फरकही पक्का करा: ताकिदीने गुण जात नाही, वॉर्निंगने जातो आणि तिसऱ्या वॉर्निंगला बॉक्सर बाद होतो.

आंतरराष्ट्रीय पातळीचा विचार असेल तर प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे हे आधी विचारा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आयबीए या जुन्या जागतिक संघटनेची मान्यता जून २०२३ मध्ये काढून घेतली. ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ही नवी संघटना त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्थापन झाली होती. भारतीय फेडरेशन २०२४ मध्ये तिच्यात गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑलिंपिक समितीने तिला तात्पुरती मान्यता दिली. ऑलिंपिककडे जाणारी वाट आता या बाजूने आहे.

देयकाकडे येतो, कारण कमी मानधनातले पैसेही बहुतेकदा इथेच बुडतात. नियुक्तीपत्र लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरच्या ‘या सर’वर प्रवासखर्च मागता येत नाही. त्यात मानधनाचे दिवस, रेल्वेचा वर्ग आणि पैसे देणाऱ्याचे नाव हवे. पत्रात स्लीपर लिहिले असेल आणि तुम्ही थ्री एसीने गेलात तर स्लीपरचेच भाडे मिळते. तत्काळचा जादा आकार बहुधा कोणी देत नाही, आणि पत्र उशिरा आले की तत्काळशिवाय गत्यंतर नसते. तेव्हा पत्र आल्याच दिवशी आयोजकाकडून तत्काळची मान्यता लेखी मागा. पुण्याला बालेवाडीत काम असेल तर हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची आहे, पण शेवटच्या दिवशी अंतिम लढती लांबतात, म्हणून परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे काढा. एसटीचे तिकीट यंत्रातून निघते, त्याची शाई महिन्याभरात उडते; उतरल्याबरोबर फोटो काढून ठेवा. देयकासोबत पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडा. रोख ५ हजारांच्या वर घेत असाल तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लागते. कोरी पावती सही करून देऊ नका. घाईच्या शेवटच्या संध्याकाळी ती मागितली जाते, आणि आकडा नंतर कोण भरतो ते तुम्हाला कळत नाही.

कराचेही थोडे. २००८ च्या अधिसूचनेने पंच आणि रेफरी यांचे मानधन व्यावसायिक शुल्कात धरले आहे. त्यावर दहा टक्के कर कापला जातो, तोही एका देणाऱ्याकडून वर्षात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मिळाले तर. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५० हजार आहे. तुमची रक्कम तिथवर जाणार नाही, तरी कोणी कापलाच तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. पॅन दिला नसेल तर कपात वीस टक्के होते.

आणि आता पैसे कोणाच्या हातून येतात ती कसोटी. मानधन आयोजक संस्थेच्या खात्यातून तुमच्या खात्यात यावे. संघाच्या व्यवस्थापकाची गाडी, प्रशिक्षकाचे जेवण, ‘पेट्रोलपाण्याचे’ पाकीट, यातले काही नको. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर तिथल्या सर्व ३६ रेफरी-जजना बाजूला ठेवण्यात आले आणि २०२१ मध्ये रिचर्ड मॅकलारेन यांच्या स्वतंत्र चौकशीत लढती ठरवून दिल्याचे पुढे आले. त्यांतल्या निर्दोष माणसांच्याही नियुक्त्या थांबल्या. आपल्याच शाळेचा मुलगा लढतीत असेल तर आपणहून सांगून बाजूला व्हा, आणि ज्या स्पर्धेत प्रशिक्षक म्हणून मुले आणली तिथे रेफरी होऊ नका.

व्यावसायिक लढतींचे आकर्षण वाटेल. विजेंदर सिंगची १६ जुलै २०१६ ची दिल्लीतली लढत झाल्यापासून आपल्याकडेही त्या रात्रींची चर्चा होते. त्यांच्यासाठी इंडियन बॉक्सिंग कौन्सिलसारख्या संस्थेचा परवाना लागतो, कार्यक्रम मोठ्या शहरांत होतात आणि संख्या थोडी असते. कुठल्याही परवान्याशिवाय हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या ‘फाइट नाइट’ला एका रात्रीचे रोख पाच हजार देऊ करतील. तिथे डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का, एवढेच विचारा. नसेल तर जाऊ नका. तिथे कोणी दगावले तर पहिला जबाब तुमचाच घेतला जाईल, आणि हौशी संघटनेचे दारही बंद होईल.

सुरुवात या हंगामातच करा. जिल्हा संघटनेला पत्र द्या आणि शालेय स्पर्धेत टाइमकीपरची खुर्ची मागा; ती सहसा कोणाला नको असते, त्यामुळे लगेच मिळते. तिथून पाचही जजच्या नजरा आणि रेफरीचे पाय दिसतात. मुख्याध्यापकांकडून हजेरीवर ‘ऑन ड्यूटी’ लावून मिळते का, ते नियुक्तीपत्र जोडून लेखी विचारा, कारण वरच्या हिशेबातले ६,६०० तिथेच वाचतात. आणि रोज संध्याकाळी एक जुनी लढत आवाज बंद करून बघा, फेरी संपली की दहा सेकंदांत कागदावर गुण लिहा. समालोचकाचा आवाज चालू ठेवलात तर गुण त्याचे होतील.